कळलावीच्या फुलाने घरात भांडणे लागत नाहीत

कळलावीचे फूल घरात आणले की भांडणे लागतात, हा समज अनेक गावांत अजून टिकून आहे. तो निव्वळ नावातून आला आहे. ‘कळ लावणे’ म्हणजे भांडण लावणे खरे, पण कळ म्हणजे वेणाही. अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून हिचा कंद उगाळून बाहेरून लावत असत, आणि नावाचा उगम त्यातच आहे, असे मला वाटते.

दुसरा गैरसमज ओळखीचा. पिवळी कळलावी वेगळी आणि लाल वेगळी, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात तेच फूल उमलताना हिरवट-पिवळे असते आणि काही दिवसांत टोकापर्यंत लालभडक होते. फुले नसतील तेव्हा पान पाहावे: त्याचे टोक लांबत जाऊन स्प्रिंगसारखे वळते आणि शेजारच्या काटकीला घट्ट धरते. फुलाच्या सहा नागमोडी पाकळ्या मागे उलटून वर उभ्या राहतात, म्हणून ही अग्निशिखा. डोंगरउतारावरच्या पानझडी रानात पावसाळ्यात दिसणारा हा वेल नंतर वाळतो, पण नांगराच्या आकाराचा कंद जमिनीत जिवंत राहतो.

भीती बाळगायचीच, तर ती या कंदाची बाळगावी. संपूर्ण वनस्पतीत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन हे विष असते आणि खाण्याचा कंद समजून तो खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. वेणांसाठीचा तो जुना उपायही आज कोणीही करू नये.