शेजारच्या दीर्घिकांतील रेणुमेघ आणि ‘सघन वायू’चा पेच

शेजारच्या दीर्घिकांतील रेणुमेघांचे निरीक्षण सुरू झाले तेव्हा त्यामागे रसायनशास्त्राची ओढ नव्हती. ताऱ्यांच्या निर्मितीसाठी किती वायू शिल्लक आहे, हे मोजायचे होते. हायड्रोजनचा रेणू सममित असल्याने थंड मेघात तो जवळजवळ दिसतच नाही. त्याच्या परिवलनातून (रेणूच्या फिरण्यातून) वर्णपटात उमटणारी सर्वांत खालची रेषासुद्धा २८ मायक्रोमीटरला असते आणि ती उद्दीपित होण्यासाठी लागणारे तापमान मेघाच्या १०–२० केल्विनच्या मानाने फारच जास्त असते. म्हणून मोजणीचा भार कार्बन मोनॉक्साइडवर पडला. या रेणूची २.६ मिलिमीटरची रेषा १९७० मध्ये आपल्या आकाशगंगेत सापडली आणि १९७५ मध्ये एम ८२ व एनजीसी २५३ या दोन दीर्घिकांत नोंदली गेली. हायड्रॉक्सिल १९७१ मध्ये, फॉर्माल्डिहाइड १९७४ मध्ये आणि हायड्रोजन सायनाइड १९७७ मध्ये याच तेजस्वी शेजाऱ्यांकडे पाहताना हाती आले. त्यानंतरची बरीच वर्षे नवे रेणू सापडत राहिले, परंतु एकाच थाळीच्या दुर्बिणीला अख्खा मध्यभाग एका ठिपक्यासारखा दिसत असल्याने ते नेमके कोठून येतात हे सांगणे कठीण होते.

पुढील काळातील सर्वांत मोठा गुंता हायड्रोजन सायनाइडने निर्माण केला. त्याची ८८.६ गिगाहर्ट्झची रेषा ‘सघन वायूची निदर्शक’ मानली गेली, आणि त्याचे कारण ‘क्रांतिक घनता’ या संज्ञेत होते. ज्या घनतेला टकरींमुळे रेणू खालच्या पातळीवर येण्याचा वेग उत्स्फूर्त उत्सर्जनाच्या वेगाइतका होतो ती ही घनता. कार्बन मोनॉक्साइडच्या पहिल्या रेषेसाठी ती घन सेंटिमीटरमागे दोनेक हजार रेणू इतकी, तर हायड्रोजन सायनाइडसाठी काही लाख इतकी येते. यावरून ही रेषा दिसली म्हणजे ताऱ्यांना जन्म देणारा दाट गाभा दिसला, असा सोयीचा अर्थ रूढ झाला. २००४ मध्ये ६५ दीर्घिकांच्या अभ्यासात या रेषेची दीप्ती आणि दीर्घिकेची अवरक्त दीप्ती (म्हणजे तिच्यातील ताऱ्यांच्या निर्मितीचे माप) यांचे प्रमाण सरळ रेषेत आढळले, जे कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत आढळत नव्हते. पुढच्याच वर्षी आपल्या आकाशगंगेतील दाट गाभेही त्याच सरळ रेषेवर बसतात असे दाखवले गेले, आणि या अर्थाला जवळजवळ नियमाचे रूप आले.

माझ्या मते ही घाई झाली. क्रांतिक घनतेचे ते आकडे, बाहेर पडलेले प्रारण वाटेत शोषले जात नाही, असे गृहीत धरून काढलेले असतात. प्रत्यक्षात ही रेषा बहुतेक ठिकाणी अपारदर्शक असते. प्रारण मेघातच अडकून पुन्हा पुन्हा शोषले जाते आणि रेषा उजळण्यासाठी लागणारी घनता कितीतरी पटींनी खाली येते. जेथे अतिनील प्रकाशाने मेघाचे बाह्य थर आयनीभूत झालेले असतात, तेथे इलेक्ट्रॉनांच्या टकरीही हातभार लावतात. शिवाय विरळ वायू प्रत्येक ठिकाणी मंद चमकत असला, तरी त्याचे आकारमान इतके मोठे असते की सगळी बेरीज गाभ्यांवर मात करू शकते. ही शंका जुनी असली तरी तिला नकाशांचा आधार २०१७ मध्ये मिळाला. मृग नक्षत्रातील दोन मोठ्या मेघांच्या स्वतंत्र पाहण्यांत या रेषेचा मोठा भाग विरळ वायूतून येत असल्याचे दिसले. त्यांपैकी एका मेघात तिची प्रातिनिधिक घनता घन सेंटिमीटरमागे जेमतेम ९०० रेणू निघाली. अपेक्षेचा आकडा लाखांत होता, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

रसायनाचा प्रश्न येथे आडवाटेने नव्हे, तर थेट मुळाशी येतो. सक्रिय केंद्रकाजवळच्या, म्हणजे द्रव्य गिळणाऱ्या मध्यवर्ती कृष्णविवराजवळच्या, उष्ण वायूत हायड्रोजन सायनाइडचे प्रमाणच वाढते, त्यामुळे एनजीसी १०६८ सारख्या दीर्घिकेच्या केंद्रात तेजस्वी रेषा म्हणजे अधिक दाट वायू असे म्हणता येत नाही. एका रेणूवर भिस्त ठेवण्याऐवजी संपूर्ण वर्णपट पाहावा, या विचाराला २००६ मध्ये एनजीसी २५३ च्या दोन मिलिमीटर पट्ट्यातील पाहणीने बळ दिले. त्यात सुमारे २५ रेणू ओळखले गेले. एम ८२ शी तुलना केली असता फरक उठून दिसला. एनजीसी २५३ मध्ये आघात-तरंगांनी धुळीवरून सुटणारे रेणू, जसे मेथॅनॉल, ठळक होते. एम ८२ मध्ये अतिनील प्रारणाने घडवलेले आयन वरचढ होते. दोन्ही तारास्फोटी, म्हणजे झपाट्याने तारे घडवणाऱ्या, दीर्घिका, पण मेघांची अवस्था वेगळी, आणि हा फरक केवळ वस्तुमानाच्या मोजणीतून कधीच कळला नसता.

चिलीच्या अटाकामा वाळवंटात सुमारे ५००० मीटर उंचीवर उभारलेल्या ६६ अँटेनांच्या दुर्बिणीने २०११ पासून निरीक्षणे सुरू केली आणि ठिपक्यांचे मेघ झाले. एनजीसी २५३ च्या मध्यभागाची ८४ ते ३७३ गिगाहर्ट्झ या सलग पट्ट्यातील पाहणी सुमारे ९० प्रकाशवर्षांच्या बारकाव्याने झाली, शंभरांहून अधिक रेणू ओळखले गेले, आणि तेथील वैश्विक किरणांमुळे होणारे आयनीभवन आपल्या परिसरातील मेघांच्या मानाने हजार पटींहूनही अधिक असल्याचे अंदाज पुढे आले. सुमारे १.६ लाख प्रकाशवर्षांवरील मोठ्या मॅगेलनी मेघ या छोट्या शेजारी दीर्घिकेत, जेथे जड मूलद्रव्ये सूर्याच्या जवळपास निम्मीच आहेत, २०१८ मध्ये डायमिथिल ईथर आणि मिथिल फॉर्मेट सापडले.

सघन वायूसाठी अधिक विश्वासार्ह उमेदवार म्हणजे नायट्रोजनचे दोन व हायड्रोजनचा एक अणू असलेला धन आयन. कार्बन मोनॉक्साइड त्याला नष्ट करते, म्हणून ते धुळीवर गोठून वायूतून नाहीसे होते अशा थंड, दाट जागीच हा आयन टिकून राहतो. त्याची रेषा अतिशय क्षीण असल्याने शेजारच्या दीर्घिकांत त्याचे नकाशे उशिरा आले. एम ५१ या दीर्घिकेचा असा नकाशा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तबकडीच्या भागात हायड्रोजन सायनाइड आणि हा आयन बऱ्यापैकी बरोबरीने बदलतात, मात्र सक्रिय केंद्रकाच्या आसपास हायड्रोजन सायनाइड तुलनेने अधिक तेजस्वी आहे.