ग्रब कुठे टाकायचा: एसडीएवर की एसडीए१वर?

व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर (व्हीएम) चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, डेबियन लिनक्स टाकताना शेवटी-शेवटी इन्स्टॉलर विचारतो, ग्रब बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) कुठे बसवू? इथे पुष्कळांचा हात थबकतो. लॅपटॉपवरचं विंडोज उडेल, ही पहिली धास्ती. ती आधी मनातून काढून टाका. समोर दिसणारी एसडीए म्हणजे तुमच्या लॅपटॉपवरची एक व्हीडीआय फाइल, व्हीएमची नकली डिस्क. खरी डिस्क व्हीएमला थेट जोडायचा खटाटोप तुम्ही मुद्दाम केला नसेल, तर विंडोजच्या बूट रेकॉर्डला (मशीन सुरू होताना आधी वाचला जाणारा तुकडा) धक्काही लागत नाही.

घोळ होतो तो पुढे: एसडीए म्हणजे पूर्ण डिस्क, एसडीए१ म्हणजे तिच्यातलं पहिलं पार्टिशन, डिस्कचा वेगळा पाडलेला भाग. बूट रेकॉर्ड दोन्हीकडे पहिल्याच सेक्टरात (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यात) राहतो, दोन्हीकडे ५१२ बाइटचा, आणि दोन्हींच्या शेवटी ५५ एए ही खूण. वरवर बघून फरक कळणं कठीणच.

डिस्कचा तो मास्टर बूट रेकॉर्ड, म्हणजे एमबीआर. १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटीसोबत डॉस २.० आलं, तेव्हापासून तो आहे. पहिल्या ४४६ बाइटांत इवलासा प्रोग्रॅम, पुढच्या ६४ बाइटांत चार पार्टिशनांचा तक्ता, मग ती खूण. बायोस, म्हणजे मशीन चालू होताच जागं होणारं फर्मवेअर, याला मेमरीत चढवतं आणि पुढचं काम त्याच्यावर सोपवतं. नेहमीचा एमबीआर तक्त्यात ॲक्टिव्ह पार्टिशन शोधतो आणि त्याचा पहिला सेक्टर उचलतो. हा दुसरा, पार्टिशनचा बूट रेकॉर्ड. शेजारच्या पार्टिशनांची त्याला खबर नसते. आपल्या फाइल सिस्टिममधून पुढचा लोडर उचलायचा, एवढंच त्याचं काम.

कोण अडलंय हे एररवरूनच कळतं, आणि मला वाटतं हे एवढं लक्षात राहिलं तरी निम्मं काम झालं. ‘नो बूटेबल मीडियम फाउंड’ हे बायोस बोलतंय. ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ हे एमबीआर बोलतोय. ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ आलं की समजा, गाडी पार्टिशनच्या रेकॉर्डपर्यंत पोचली होती. विंडोजच्या बूटरेक या दुरुस्तीच्या कमांडमध्ये फिक्सएमबीआर आणि फिक्सबूट असे दोन वेगळे पर्याय आहेत ते याचसाठी: पहिला डिस्कचा रेकॉर्ड लिहितो, दुसरा पार्टिशनचा.

तर व्हीएममध्ये उत्तर एसडीए. ग्रब ४४६ बाइटांत मावत नाही. तिथे फक्त त्याचा पहिला तुकडा बसतो, बाकीचा ऐवज एमबीआर आणि पहिल्या पार्टिशनच्या मधल्या मोकळ्या जागेत जातो. हल्ली पहिलं पार्टिशन २०४८व्या सेक्टरपासून सुरू होतं, म्हणजे जवळजवळ १ एमबी जागा मिळते. पार्टिशनवर अशी ऐसपैस जागा नसते. एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम सुरुवातीचे १०२४ बाइट मोकळे सोडते, एक्सएफएस तर तेवढेही नाही. मग ग्रबला आपली फाइल डिस्कवर कुठल्या ब्लॉकांत आहे ते आकडे पाठ करून ठेवावे लागतात, आणि ती फाइल हलली की बूट बंद. ग्रब-इन्स्टॉल स्वतःच सांगतं की हा मार्ग भरवशाचा नाही.

व्हीएमच्या सेटिंगमध्ये ईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) चालू असेल तर हा प्रश्न उरत नाही. तिथे फर्मवेअर फॅट पार्टिशनमधली बूट फाइल थेट वाचतं.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं तर बायोसवर चालणाऱ्या व्हीएमचा स्नॅपशॉट (परत येण्यासाठी जपलेली आत्ताची स्थिती) घ्या आणि आत, पाहुण्या लिनक्समध्ये, डीडी या कमांडने एसडीएचे पहिले ४४६ बाइट शून्य करा. बूट बंद पडेल, पण लाइव्ह आयएसओवरून (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या लिनक्सवरून) बघितलं तर पार्टिशनं जागच्या जागी दिसतील. ग्रब परत टाकला की मशीन उभं. स्नॅपशॉटवर परत या आणि आता ५१२ बाइट पुसा. या वेळी पार्टिशनंही दिसणार नाहीत, कारण तक्ताच गेला. आतला डेटा मात्र अजून तसाच पडून आहे. फक्त एंटर दाबण्याआधी टर्मिनल व्हीएमचंच आहे ना, ते दोनदा बघा. लॅपटॉपच्या डिस्कला मागे न्यायला स्नॅपशॉट नाही.