छत्तीसच्या रोलची सवय

सांगली-मिरजेकडच्या जुन्या लग्नांचे अल्बम उघडले की अंतरपाट बाजूला होतानाचा फोटो एकच सापडतो. अंतरपाट अर्धा खाली आलेला, अक्षता हवेत, नवरीची नजर अजून खालीच. त्या एका फोटोच्या वेळी मी मामांच्या मागं रोलची पिशवी धरून उभा असायचो. आज त्याच दोन-तीन सेकंदांचे वीस-पंचवीस फोटो मी स्वतः काढतो. ही सवय कुठून कशी बदलली ते समजून घ्यायचं, तर कॅमेऱ्यात काय भरलं जायचं तिथून सुरुवात करावी लागते.

१८५१ मध्ये ओल्या काचेची पद्धत आली. काचेला रसायन लावायचं आणि ते वाळायच्या आत फोटो काढून धुवायचाही. एक काच, एक फोटो. १८८८ मध्ये कोडॅक कंपनीचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन यांच्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्यात शंभर फोटोंचा रोल होता, पण तो संपला की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवावा लागे. १९०१ मध्ये १२० नंबरचा रोल आला. त्यावर चौकोनी फोटो बाराच बसतात. १९२५ मध्ये लायका या जर्मन कॅमेऱ्याने सिनेमाच्या पट्टीवर छत्तीस फोटोंची सोय बाजारात आणली. बाराची सवय असलेल्याला छत्तीस म्हणजे चैनच होती. म्हणजे भरपूर फोटो काढणं डिजिटलनंच सुरू केलं, असं नाही. मोठ्या मासिकांचे फोटोग्राफर एकेका कामाला कितीतरी रोल वापरत आणि नंतर कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे अख्ख्या रोलच्या छोट्या फोटोंच्या एकाच कागदावर, खुणा करून निवड करत. रोलचा खर्च मासिकाच्या माथी असे.

आपल्याकडे तो खर्च स्टुडिओवाल्याच्या खिशातून जायचा. आयातीवर निर्बंध होते, परदेशी रोल महाग आणि मिळेल तेव्हा मिळणारा. १९६० मध्ये उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि तिचा ‘इंदू’ कृष्णधवल रोल देशभर गेला, तरी हात आखडता राहिला तो राहिलाच. फिल्मच्या काळातला संयम ही आपल्या बहुतेक फोटोग्राफरांची निवड नव्हती, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. टंचाईतून आलेली ती शिस्त होती. पण तिनं डोळा घडवला, हेही खरं.

मामांकडं आधी याशिकाचा दोन भिंगांचा कॅमेरा होता. तो पोटाशी धरून वरून खाली काचेत बघायचं. तिथं उजवं-डावं उलटं दिसतं. त्या काळच्या लग्नांतली माणसं किंचित खालून टिपलेली आणि म्हणून जरा भारदस्त दिसतात, ती कॅमेरा असा पोटाशी धरल्यामुळंच. बाराचा रोल अकरावर आला आणि मंगलाष्टका संपत आल्या, की मामा बारावा फोटो मांडवातल्या एखाद्या पोराचा काढून रोल बदलून घ्यायचे. अक्षता पडताना कॅमेरा रिकामा नको. पुढं छत्तीसचा रोल आला, तेव्हा तो भरताना पट्टीचं तोंड अगदी बेतानं अडकवून सदतीसावा, कधी अडतीसावाही काढायचे. ग्रुप फोटोआधी “अजून कोण राहिलंय का बघा” आणि मग “हलू नका आता”. फ्लॅश पुन्हा भरायला काही सेकंद लागत, त्यामुळं लगेच दुसरा काढायची सोयच नव्हती. कुणाचे डोळे मिटले ते त्यांनी स्वतः पाहिलं असेल, तरच “परत एक”. बाकीचं रोल धुतल्यावर कळायचं.

१९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. ०.०१ मेगापिक्सेलचा फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायची. सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात भिंग बदलता येणारा डिजिटल कॅमेरा यायला २००३ उजाडलं. कॅननचा ३००डी अमेरिकेत हजार डॉलरच्या आत मिळू लागला. जानेवारी २०१२ मध्ये खुद्द कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

मला सगळ्यात जड गेली ती प्रकाशाची सवय. निगेटिव्हला प्रकाश थोडा जास्त झाला तरी ती सांभाळून घेते, कमी पडला तर सावलीत काहीच उरत नाही. त्यामुळं “थोडा जास्तच दे” हे हातात भिनलेलं. डिजिटलचं नेमकं उलटं. सावलीतलं बरंच काही नंतर उजळून काढता येतं, पण पांढरा जळला, म्हणजे जास्त प्रकाशानं नुसता पांढरा डाग झाला, की तिथं माहितीच नसते. आमच्याकडच्या मांडवात पहिल्या चार ओळी गांधी टोप्यांच्या! सुरुवातीच्या लग्नांत मी दुपारच्या उन्हातल्या सगळ्या टोप्या जाळल्या. कासच्या पठारावर सप्टेंबरात पांढऱ्या गेंदाची फुलं टिपतानाही तेच झालं. साताऱ्याचे स्लाइडवर (निगेटिव्हऐवजी थेट चित्र देणाऱ्या पारदर्शक फिल्मवर) काम केलेले हौशी फोटोग्राफर मात्र सहज रुळले, कारण स्लाइडलाही जास्तीचा प्रकाश खपत नाही.

दुसरा बदल आयएसओचा, म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्या आकड्याचा. शंभरचा रोल भरला की तो संपेपर्यंत शंभरच; संध्याकाळ झाली तर हात स्थिर ठेवायचा, नाहीतर थांबायचं. आता प्रत्येक फोटोला तो वेगळा ठेवता येतो, म्हणून अंधारतानाही काम थांबत नाही.

निवड आधी बटण दाबण्यापूर्वी व्हायची, ती आता घरी संगणकापुढं होते. लग्नाच्या रात्री दोन तास, नंतर आठवडाभर. पुढं नवरा-नवरी सिलेक्शन करतात आणि पेन ड्राइव्ह कधीकधी वर्षभर तसाच पडून राहतो. एका फोटोत सगळं आणण्याची धडपड कमी झाली, याचं मला वाईट वाटतं. पण रडणारी करवली, पंगतीत हसणारी आजी हे रोलच्या काळात कुणी काढलंच नसतं. त्यासाठी छत्तीसमध्ये जागा नव्हती.

हल्ली कॉलेजची मुलं घरातले जुने कॅमेरे घेऊन स्टुडिओत येतात, रोल भरायला शिकवा म्हणतात. मी आवडीनं शिकवतो. भरून दिला की ती बाहेर पायरीवर एकमेकांचा पहिला फोटो काढतात आणि क्लिक झाल्याबरोबर मान कॅमेऱ्याच्या पाठीकडं वळते. तिथं रोलच्या खोक्याचा फाडून खोचलेला तुकडा असतो, ‘१००’ छापलेला.