वेळासची वाळू आणि कासवांची अंडी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. आता मात्र फेब्रुवारी-मार्च आला की लोक तिथे जातात ते कासवांची पिल्लं बघायला. ऑलिव्ह रिडली कासवांची इथली अंडी पूर्वी कोल्ह्या-कुत्र्यांच्या आणि माणसांच्याही पोटात जायची. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली.

पिल्लांची समुद्राकडची धाव सगळेच बघतात. मला खरं कौतुक आहे ते त्याआधीच्या कामाचं. मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी सुरईसारखा खड्डा खणते, शंभरेक अंडी घालते, वर वाळू लोटते आणि निघून जाते. कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारे गावकरी, पहाटे तिच्या सरपटण्याच्या खुणांवरून घरटं शोधतात. आता घाई करावी लागते, कारण अंडं घातल्यावर काही तासांतच गर्भ आतल्या पडद्याला वरच्या बाजूने चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं तर तो दगावू शकतो. म्हणून अंडी लवकर, अलगद, न फिरवता हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुंपण घातलेल्या राखीव जागेत, आणायची आणि मूळ घरट्याएवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची.

खोलीचा एवढा काटेकोरपणा का? समुद्री कासवांमध्ये लिंग गुणसूत्रांवर ठरत नाही. अंडी उबण्याच्या काळाचे तीन भाग केले, तर मधल्या भागात वाळू किती तापलेली आहे त्यावर पिल्लू नर की मादी ते ठरतं. वाळू गार असेल तर नर, गरम असेल तर माद्या. उंबरठा साधारण 30 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, आणि एक-दोन अंश इकडेतिकडे झाले तरी अख्ख्या घरट्याचं पारडं फिरतं. वाळू फारच तापली तर पिल्लं अंड्यातच मरतात. उथळ खड्डा दिवसा जास्त तापतो, सावलीतला कमी. म्हणजे हॅचरी कुठे बांधायची, वर सावली करायची की नाही, हे ठरवणारा माणूस नकळत नर-माद्यांचं प्रमाणही ठरवत असतो!

कोकणात घरटी साधारण नोव्हेंबर ते मार्च अशी पसरलेली असतात, हे त्या दृष्टीने मोलाचं आहे. थंडीतली अंडी उबायला जास्त दिवस लागतात, उन्हाळ्यातली लवकर फुटतात; आणि गार-गरम अशा दोन्ही वाळूत घरटी असली, तर नर आणि माद्या दोन्ही मिळण्याची शक्यता राहते. त्यामुळे फक्त भर मोसमातलीच नव्हे, सुरुवातीची आणि शेवटची तुरळक घरटीही तितक्याच निष्ठेने राखायला हवीत. आणि जिथे भरतीचं पाणी पोचत नाही, राखणीला माणसं आहेत, तिथे घरटं न हलवता भोवती जाळी लावणंच मला जास्त पटतं. ती जागा मादीने स्वतः निवडलेली असते.