मुस्तफा यादीत आला, मग त्याचं चित्र का नाही आलं?

"दादा, सकाळपासनं अपडेट मारायलोय, चित्रं काय येईनात." कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या मावसभावाचा फोन. जुन्या कॉम्प्युटरवर त्यानं बाटोसेरा, म्हणजे जुने व्हिडिओ गेम खेळायची सिस्टीम, बसवलंय, गेम टाकलेत, आणि 'अपडेट गेमलिस्ट्स' दहा-बारा वेळा दाबून बसला होता. गेमलिस्ट (गेमची यादी) अपडेट करणं आणि स्क्रेप करणं, म्हणजे गेमची चित्रं-माहिती बाहेरून आणणं, ही एकाच कामाची दोन नावं, असं त्याला वाटत होतं. बऱ्याच जणांना वाटतं.

अपडेट ही घरातल्या घरात केलेली मोजदाद असते. प्रोग्राम रॉम्सचं, म्हणजे गेमच्या फाइलींचं, फोल्डर पुन्हा चाळतो आणि नवी फाइल दिसली की तिला यादीत घेतो, बस्स. त्याला इंटरनेट लागत नाही आणि गेमबद्दल त्याला काही ठाऊकही नसतं. हे बटण शंभर वेळा दाबलं तरी एक चित्र येणार नाही.

स्क्रेपर मात्र घराबाहेर चौकशीला जातो. स्क्रीनस्क्रेपरसारख्या इंटरनेटवरच्या माहितीसाठ्याला तो विचारतो, की ही फाइल कुठल्या गेमची? ओळख पटली की मुखपृष्ठ, वर्णन, साल, कंपनी, हवा असेल तर व्हिडिओसुद्धा घेऊन येतो. चित्रं त्या त्या कन्सोलच्या फोल्डरमध्येच 'इमेजेस' नावाच्या उपफोल्डरात पडतात, आणि यादीत लिहिला जातो तो फक्त चित्राचा पत्ता. म्हणून ते उपफोल्डर हलवलं की चित्रं शाबूत असूनही पडद्यावरून गायब होतात.

सगळं अडतं ते ओळख पटण्यावर. कन्सोलच्या गेममध्ये फाइलच्या मजकुरावरून काढलेला एक आकडा, म्हणजे हॅश, जुळवला जातो. त्यात एक बाइट बदललेला असला तरी आकडा पार वेगळा येतो, मग नावाचा आधार घ्यावा लागतो. आपल्या लहानपणीच्या '९९९९ इन १' कॅसेटींमधले गेम नाव बदलून, काटछाट करून भरलेले असायचे, त्यामुळे त्यांच्यावरून काढलेल्या फाइलींची ओळख सहसा पटत नाही. प्रदेशाचंही भान ठेवावं लागतं. आपला 'कॉन्ट्रा' युरोपात निन्टेन्डोवर 'प्रोबोटेक्टर' नावानं आला, आणि त्यात माणसांच्या जागी रोबो होते. फाइल युरोपची असेल आणि मुखपृष्ठावर रोबो दिसले, तर स्क्रेपर चुकलेला नाही.

भावाला स्क्रेप करायला सांगितलं. तासाभरात भिंत रंगवल्यासारखा पडदा भरला. राहिला एकच, मुस्तफा. आपल्याकडे पार्लरमध्ये ज्याला सगळे मुस्तफा म्हणायचे, तो कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. मुस्तफा हे त्यातल्या एका पात्राचं नाव. भावानं प्रेमापोटी झिप फाइलचंच नाव बदलून 'मुस्तफा' केलं होतं. आर्केडच्या, म्हणजे पार्लरमधल्या मशीनवरच्या गेमच्या, बाबतीत नेमकं हेच करायचं नसतं. मेम हा एम्युलेटर, म्हणजे त्या मशीनची नक्कल करून गेम चालवणारा प्रोग्राम, या गेमला 'डायनो' या छोट्या नावानं ओळखतो. ते बदललं की स्क्रेपरला ओळख पटत नाही आणि गेमही सुरू होत नाही.

नाव बदलायची जागा यादीत आहे. गेमवर बटण दाबून धरलं की मेटाडेटा संपादित करण्याचा पर्याय येतो. तिथं खुशाल 'मुस्तफा' लिहावं. फाइल 'डायनो'च राहते. पुन्हा स्क्रेप करताना मात्र नावं बदलण्याची मुभा बंद ठेवा, नाहीतर बाहेरचं नाव परत येऊन बसेल.

आणखी एक. यादीतली नोंद फाइलच्या पत्त्याला बांधलेली असते. कन्सोलच्या फाइलचं नाव बदललं तर गेम चालेल, पण यादीच्या लेखी तो नवाच गेम. चित्र, आवडता असल्याची खूण, किती वेळा खेळला तो आकडा, सगळं जुन्या नोंदीबरोबर जातं. म्हणून फाइलींची नावं आधी नीट करा, मग यादी अपडेट करा, स्क्रेप शेवटी. आणि यादीची फाइल हातानं दुरुस्त करणार असाल तर आधी इम्युलेशनस्टेशन, म्हणजे बाटोसेरात ही यादी दाखवणारा प्रोग्राम, बंद करा. बंद होताना ते स्वतःच्या आठवणीतली यादी त्या फाइलवर लिहून टाकतं. माझ्या एका रात्रीच्या दुरुस्त्या अशाच गेल्या.

रेट्रोआर्क या गेम चालवायच्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये हीच जोडी प्लेलिस्ट आणि थंबनेल म्हणून भेटते. तिथं चित्राचं नाव प्लेलिस्टमधल्या नावाशी जुळलं पाहिजे. नावात अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह असेल तर चित्राच्या नावात तिथं अंडरस्कोर.

एवढा खटाटोप चित्रांसाठी का, असं कुणी विचारतं. ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी आपल्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवली, तिथं हे विचारू नये. ती मुखपृष्ठंही कुणीतरी जीव ओतून काढलेली आहेत, आणि आपल्यातल्या बहुतेकांनी ती लहानपणी पाहिलीच नाहीत. आपल्या हाती आल्या त्या लेबल फाटलेल्या कॅसेटी.

भावानं फाइलचं जुनं नाव परत दिलं, यादी अपडेट केली, तेवढा एकच गेम स्क्रेप केला. चित्र आलं. मग यादीत त्यानं देवनागरीत लिहिलं, 'मुस्तफा'.