मार्केट पडलंय, आता काय विकू आणि काय घेऊ? (आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार मंडळी,

मार्केट दोन-चार दिवस सलग आपटलं की ऑफिसचा फोन खाली ठेवायला उसंत मिळत नाही आणि प्रश्न ठरलेले दोनच, "सगळं विकून टाकू का?" नाहीतर "स्वस्तात मिळतंय तर घेऊन टाकू का?" फोनवर पाच मिनिटांत प्रत्येकाला नीट सांगणं जमत नाही म्हणून हा कागद काढलाय, साडेतीननंतर निवांत वाचा. एक गोष्ट आधीच क्लिअर करतो, आम्ही ब्रोकरचे ऑथराइज्ड पर्सन (त्यांच्या वतीने काम करणारे) आहोत, सेबीकडे रजिस्टर झालेले सल्लागार नाही, त्यामुळे अमुक घ्या तमुक विका असं यात काही सापडणार नाही. खाली कंपन्यांची नावं आलीत ती घडून गेलेल्या गोष्टी समजाव्यात म्हणून, टिप म्हणून नाही.

हिरवं विकायचं आणि लाल धरून बसायचं

पडझडीत सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार हा. होल्डिंगमध्ये समजा पाच शेअर आहेत, दोन अजून हिरवे आणि तीन लाल, आणि पैशाची गरज आहे किंवा भीती वाटतेय. दहातले आठ जण हिरवे दोन विकतात, "नफा तरी खिशात येऊ दे" म्हणून, आणि लाल तिघांना "भाव आला की काढू" असं म्हणत ठेवून देतात, वर विकून आलेले पैसे त्यातच घालून ॲव्हरेज करतात (तोच शेअर खालच्या भावाला आणखी घेऊन सरासरी खरेदी भाव खाली आणतात). म्हणजे पडत्या मार्केटमध्येही जे तग धरून होते ते गेले आणि जे आधीच ढेपाळलेत त्यांचा साठा वाढला. दोन वर्षांनी त्या अकाउंटमध्ये नुसता कचरा उरतो, आणि दोष मार्केटला.

"विकला तर लॉस होईल" हे वाक्य तर रोजचं. अहो लॉस झालाय, विकल्यावर फक्त त्याची नोंद होते. तुमचा खरेदी भाव दोघांनाच महत्त्वाचा, तुम्हाला आणि इन्कम टॅक्सवाल्यांना, तो शेअर काही तुमच्या भावाकडे बघून वर येणार नाही. त्यामुळे खरेदी भावाचा कॉलम हाताने झाका आणि प्रत्येक शेअरपुढे एकच प्रश्न विचारा, आज माझ्याकडे एवढी कॅश असती तर हा शेअर आजच्या भावाला मी घेतला असता का? उत्तर स्पष्ट नाही असेल तर तो विकायच्या यादीत वर. उत्तर माहीत नाही असेल, म्हणजे कंपनी नक्की काय करते तेच सांगता येत नसेल, तर तोही वरच.

ॲव्हरेज करण्याचा हिशोब

पवनचक्क्या बनवणाऱ्या पुण्याच्या सुझलॉनचं उदाहरण घेऊ, आपल्याकडे बऱ्याच घरांत हा शेअर होता आणि आहे. जानेवारी २००८ मध्ये भाव चारशेच्या वर होता. त्याच्या आधीच्याच वर्षी जर्मनीची आरई-पॉवर कंपनी घ्यायला कर्ज काढलेलं, शिवाय परदेशी चलनातले कन्व्हर्टिबल बॉण्ड (शेअरमध्ये बदलता येणारे कर्जरोखे), आणि मग जग मंदीत गेलं. शेवटी ऑक्टोबर २०१२ मध्ये ते बॉण्ड फेडता आले नाहीत. आता समजा कोणी ४०० ला १०० शेअर घेतले, मग २०० ला १००, मग १०० ला २०० आणि ५० ला ४००. एकूण पैसे बरोबर एक लाख, शेअर ८००, ॲव्हरेज भाव १२५. चारशेचा भाव सव्वाशेवर आला म्हणून माणूस खुश. पण २०२० च्या मार्चमध्ये शेअर दोन रुपयांच्या आसपास होता, म्हणजे त्या लाखाचे राहिले सोळाशे रुपये. नंतर कंपनी खरंच सावरली, सप्टेंबर २०२४ मध्ये भाव ८६ पर्यंत गेला, सगळीकडे सुझलॉन सुझलॉन झालं, आणि तेव्हाही या माणसाचे लाखाचे ६८,८०० च होते, सोळा वर्षांनी, व्याज सोडाच.

म्हणजे ॲव्हरेज कधीच करू नका असं नाही. पण कंपनीचे पाय कर्जात अडकलेत का ते बघितल्याशिवाय केलं की बुडत्याचा पाय खोलात.

मार्केट पडलंय की तुमची कंपनी पडलीय?

हे वेगळं काढता आलं की अर्धं काम झालं. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी, म्हणजे तेरा टक्क्यांहून जास्त पडला, सकाळीच दहा टक्क्यांचं सर्किट (एवढं पडलं की ट्रेडिंग थांबवणारा ब्रेक) लागून पाऊण तास ट्रेडिंग बंद होतं, परत चालू झालं तर आणखी खाली. त्या दिवशी चांगलं वाईट कोणी बघत नव्हतं, सगळेच एका दोरीत बांधल्यासारखे खाली गेले. अशा पडझडीत चांगल्या कंपनीचा भाव फक्त विकणाऱ्यांच्या घाईमुळे पडतो आणि तिथेच संधी असते. फार्मा तेव्हा सगळ्यात आधी उठलं. थिएटरवाल्या पीव्हीआरला मात्र पडदाच बंद, उत्पन्न शून्य, त्यांना राइट्स इश्यू (जुन्या शेअरहोल्डरना नवे शेअर विकणं) आणि नंतर क्यूआयपी (मोठ्या संस्थांना शेअर विकणं) करून पैसे उभे करावे लागले. म्हणजे एकाच पडझडीतून दोन प्रकारचे शेअर बाहेर आले.

आता उलटं बघा. येस बँक ऑगस्ट २०१८ मध्ये चारशेच्या आसपास होती. सप्टेंबरमध्ये बातमी आली की रिझर्व्ह बँक राणा कपूर यांना एमडी म्हणून फक्त जानेवारी २०१९ पर्यंतच राहू देणार, आणि शेअर एका दिवसात पाव भागाहून जास्त उतरला. पुढे निफ्टी वर जात जात जानेवारी २०२० मध्ये १२,४०० च्या पुढे नवीन उच्चांकावर आणि येस बँक त्याच वेळी चाळीस-पन्नासच्या घरात. मार्केट वर आणि तुमचा शेअर खाली, ही खूण सोडायची नसते. ५ मार्च २०२० ला बँकेवर निर्बंध आले, दुसऱ्या दिवशी भाव साडेपाच रुपयांपर्यंत दिसला. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणजे ज्यांच्याकडे शंभरपेक्षा जास्त शेअर होते त्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षं लॉक झाले, नंतर भाव वर आला तेव्हा विकायची सोय नाही. घरकर्ज देणाऱ्या डीएचएफएलमध्ये तर २०२१ मध्ये पिरामल ग्रुपनी कंपनी घेतली आणि जुन्या शेअरहोल्डरच्या हातात शून्य आलं, शेअरच डीलिस्ट, म्हणजे बाजारातून काढून टाकला. कंपनी चालू राहिली म्हणजे तुमचा शेअर राहिला असं नसतं.

विकायच्या आधी कुठे बघायचं

एनएसई किंवा बीएसईच्या साइटवर कंपनीचं नाव टाका. शेअरहोल्डिंग पॅटर्न दर तिमाहीला येतो, त्यात प्रमोटरनी (कंपनीच्या मालक-चालकांनी) किती शेअर गहाण ठेवलेत ते स्पष्ट लिहिलेलं असतं. गहाण जास्त आणि भाव पडतोय म्हणजे कर्ज देणारा कधीही ते शेअर बाजारात ओतू शकतो, मग भाव अजून पडतो, मग अजून गहाण. मग व्याज भरायला नफा पुरतोय का ते बघा. आणि कॅश फ्लो: नफा दरवर्षी दाखवतायत पण धंद्यातून रोख येतच नाही, असं तीन-चार वर्षं चाललं असेल तर मला तरी झोप लागणार नाही. ऑडिटरनी मधेच राजीनामा दिला ही बातमी पेपरात आतल्या पानावर छोटीशी येते, ती वाचा.

छोट्या कंपन्यांचं एक वेगळंच दुखणं, सर्किट. २०२४ च्या सप्टेंबरअखेर निफ्टी २६,२७७ वर जाऊन मार्च २०२५ पर्यंत २२,००० च्या खाली आला, ही साधारण सोळा टक्क्यांची घसरण, पण स्मॉलकॅप (छोट्या कंपन्यांचा) इंडेक्स पंचवीस टक्क्यांहून जास्त पडला आणि त्यातले सुटे शेअर तर निम्म्यावर. पाच टक्क्यांचा बँड (एका दिवसात भाव यापेक्षा जास्त वर-खाली जाऊ शकत नाही) असलेला शंभरचा शेअर रोज लोअर सर्किट, म्हणजे त्या बँडचं खालचं टोक, मारत गेला तर पाच दिवसांत ९५, ९०.२५, ८५.७४, ८१.४५, ७७.३८. स्क्रीनवर बघाल तर विकणारे लाखात आणि घेणाऱ्यांच्या बाजूला चक्क शून्य. तिथे ज्याची ऑर्डर आधी लागली त्याचाच माल आधी जातो, आमच्याकडे फोन करून "कसंही करून काढा" म्हणून उपयोग नसतो, आमच्या हातात जादूची काठी नाहीये. असे शेअर विकायचेच असतील तर घेणारे असतात तेव्हाच, म्हणजे पडझडीच्या सुरुवातीला किंवा मधे एखादा उसळीचा दिवस येतो तेव्हा.

आणि घ्यायचं असेल तर

पहिली अट, पैसे स्वतःचे हवेत आणि निदान तीन-चार वर्षं लागणार नसावेत. मुलीची फी, घराचा हप्ता यातून काढून नको.

दुसरं, एकदम नको. २१ जानेवारी २००८ ला सेन्सेक्स १,४०८ अंकांनी पडला तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं हीच वेळ. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला तो दिवसात ८,००० च्या खाली गेला होता, आणि सावरून २१,००० च्या वर बंद व्हायला २०१० च्या दिवाळीचं मुहूर्त ट्रेडिंग उजाडलं. याउलट २०२० ची पडझड दोन महिन्यांत आटोपली आणि नोव्हेंबरमध्ये नवा उच्चांक पण झाला. आत्ताची कुठल्या जातीची आहे हे त्या वेळी टीव्हीवरच्यांना पण कळत नाही आणि आम्हालाही नाही, म्हणून जे काही घालायचंय त्याचे चार भाग करा आणि महिना-दीड महिन्याच्या अंतराने घाला. तळ गाठायच्या नादात कोणी पडू नका.

कुठले घ्यायचे? ज्यांच्यावर कर्ज कमी आहे, रोख येतेय, आणि ज्यांचं गिऱ्हाईक मंदीतही माल घेणं थांबवत नाही, ते. "पन्नास टक्के पडलाय" हे घ्यायचं कारण नाही, पन्नास टक्के पडलेला शेअर परत तिथेच जायला शंभर टक्के वाढावा लागतो आणि ऐंशी टक्के पडलेला चारशे टक्के. पी-ई (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा) कमी दिसतोय म्हणून पण फसू नका, विशेषतः मेटल आणि साखरेत. तिथे नफा शिगेला असतो तेव्हाच पी-ई कमी दिसतो, मग स्टीलचे किंवा साखरेचे भाव उतरले की नफा गायब आणि तोच शेअर अचानक महाग. आपल्या भागात कारखान्यांचं सगळ्यांना माहीत असूनही साखरेच्या शेअरमध्ये लोक दर वेळी याच ठिकाणी अडकतात, हे मला अजून कळलेलं नाही.

ऑर्डर टाकताना लिमिट टाका (भाव तुम्ही ठरवायचा), मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला) नको, पडझडीच्या दिवशी भाव एका सेकंदात कुठल्या कुठे जातो.

टॅक्सचा एक फायदा, जो बहुतेक जण घेत नाहीत

२३ जुलै २०२४ पासून बारा महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर (शॉर्ट टर्म) २० टक्के आणि त्यापेक्षा जास्त ठेवलेल्यावर (लाँग टर्म) वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के टॅक्स आहे. समजा यंदा तुमचा शॉर्ट टर्म नफा ८०,००० झालाय, त्यावर १६,००० टॅक्स. त्याच वर्षी एखादा टाकाऊ शेअर विकून ५०,००० चा शॉर्ट टर्म लॉस घेतला तर टॅक्स फक्त ३०,००० वर, म्हणजे ६,०००, सेस वेगळा. शॉर्ट टर्म लॉस दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, लाँग टर्म लॉस फक्त लाँग टर्म नफ्यातून. उरलेला लॉस आठ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच. एकतीस मार्चला दुपारी तीन वाजता हे आठवून फोन करू नका प्लीज.

उधारीचा माल असेल तर

एमटीएफवर (ब्रोकरकडून पैसे उधार घेऊन) किंवा शेअर गहाण ठेवून पोझिशन घेतली असेल तर वरचं सगळं नंतर, आधी ती कमी करा. मार्जिन (ब्रोकरकडे ठेवावी लागणारी किमान रक्कम) कमी पडलं की मेसेज येतो, वेळेत पैसे भरले नाहीत तर ब्रोकरची सिस्टिम शेअर विकून टाकते, आणि ती चांगला वाईट बघत नाही, जो विकला जातो तो विकते. इथे निवड तुमच्या हातात राहतच नाही. पैसे भरायला घरचं सोनं गहाण टाकणारे पण आम्ही बघितलेत, तसं करण्यापेक्षा निम्मी पोझिशन काढा आणि मोकळे व्हा.

टेलिग्रामवर "क्रॅशमध्ये हे तीन शेअर घ्या, डबल गॅरंटी" असले मेसेज पडझडीत हमखास वाढतात. गॅरंटी शब्द दिसला की ग्रुप सोडा. लॉगिन, पासवर्ड, ओटीपी कोणालाही नाही, आमच्या ऑफिसमधल्या पोरांना सुद्धा नाही.

होल्डिंग बघायला बसायचं असेल तर दुपारी चारनंतर या, मार्केट चालू असताना शांतपणे बोलणं होत नाही. येताना ईमेलवर आलेलं कॅस स्टेटमेंट प्रिंट काढून आणा, सगळ्या डिमॅटचं एकत्र असलेलं, फक्त आमच्याकडचं नको, आणि ज्या शेअरचं काय करायचं कळत नाही त्यांच्यापुढे पेनाने खूण करून आणा. कंपन्यांचे आकडे कुठे आणि कसे बघायचे ते आम्ही स्क्रीनवर दाखवू, विकायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवायचं.