मागल्या दारची पायरी

गणपतीत आमच्या मालवणच्या घरात पंचवीसेक माणसं, मुंबईचे चाकरमानी आले की पाय ठेवायला जागा नाही, आणि आरतीला झांजा सुरू झाल्या रे झाल्या की माझा चुलतभाऊ कान दाबून मागल्या दारी पळतो. पाच मिनिटांत आतेभाऊपण तिकडेच. दोघंही ऑटिस्टिक (स्वमग्न), म्हणजे मेंदूची ठेवणच जन्मापासून वेगळी.

यंदा आजीने मला बघायला पिटाळलं. दोघं पायरीवर, मध्ये हातभर अंतर, एकमेकांकडे बघत पण नव्हते. धाकटा शिंपल्या लहान-मोठ्या लावत होता, मोठा एकटाच म्हणत होता, "आज साडेआठ, उद्या सव्वानऊ, परवा दहा." ओहोटीच्या वेळा, रोज पाऊण तास-पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात. मला वाटलं, याला काय गप्पा म्हणायच्या का!

सिनेमात पण बघा, ऑटिस्टिक पात्र एकटंच असतं आणि बाकीचे त्याला समजून घेता घेता स्वतः सुधारतात. अशा दोन भावांच्या दोस्तीवर कुणीतरी सिनेमा काढा रे, फक्त बॅकग्राउंड म्युझिक कमी ठेवा.

बरीच वर्षं समज असा होता की ऑटिस्टिक माणसाला समोरच्याचं मन कळत नाही, म्हणजे बिघाड त्याच्यातच. 2012 मध्ये डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, उलटा प्रश्न टाकला की बाकीच्यांना तरी ऑटिस्टिक माणसाचं मन कुठे कळतं? याला 'डबल एम्पथी' म्हणतात, न कळणं दोन्ही बाजूंनी. मग एडिंबरा युनिव्हर्सिटीतल्या कॅथरिन क्रॉम्प्टन आणि टीमने कानगोष्टींसारखा प्रयोग केला, आठ जणांची साखळी, पहिल्याला गोष्ट सांगायची, त्याने दुसऱ्याला, असं शेवटपर्यंत. 2020 ला रिझल्ट छापून आला, फक्त ऑटिस्टिक लोकांची साखळी बाकीच्यांच्या साखळीइतकीच भारी, गोष्टीची गळती जास्त झाली ती ऑटिस्टिक आणि बाकीचे अशा मिक्स साखळीत. पण थांबा, 2025 मध्ये 311 जणांवर परत केलं तर तिन्ही प्रकारांत तसा फरक निघाला नाही! हां, ऑटिस्टिक लोकांना ऑटिस्टिक माणसाकडून शिकायला जास्त आवडलं. मला तर हेच जास्त पटतं, कळणं एक आणि बरं वाटणं एक.

आता एकाच घरात दोघं कसे? आमच्या आत्याने यावरून खूप ऐकलंय, कुणी म्हणे देवाला कौल लाव, कुणी म्हणे तूच लक्ष दिलं नाहीस. परदेशात तरी काय वेगळं, तिकडे डॉक्टरच आईला 'फ्रीजसारखी थंड' म्हणून दोष द्यायचे. 1977 मध्ये फोल्स्टाइन आणि रटर या संशोधकांनी निदान एक तरी ऑटिस्टिक असलेल्या जुळ्यांच्या 21 जोड्या तपासल्या, एकसारख्या दिसणाऱ्या (म्हणजे जीन्सही सारखे) 11 जोड्यांपैकी 4 मध्ये दोघंही ऑटिस्टिक, आणि वेगवेगळ्या दिसणाऱ्या 10 पैकी एकीतही नाही. म्हणजे भानगड बरीचशी जीन्सची. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "मग तुझ्या आजोबांका विचार, जल्मभर जेवताना कोणाशी बोललले नाय."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता बघतो तर दोघं बादली घेऊन निघालेले. कुणी कुणाला हाक मारल्याचं मी तरी ऐकलं नाही. सव्वानऊला खाडीवर पाणी उतरलेलं होतं, धाकट्याने खिशातून कालची शेवटची शिंपली काढली, तिच्याहून मोठी शोधायची होती. मोठ्याला ते आधीच माहीत होतं.